कुवेतची खोली आणि पत्रं लिहिणारा माणूस

नववीच्या वर्गात एकदा बोलता बोलता मी सांगितलं, की १९६१ सालापर्यंत कुवेतच्या बाजारात आपला भारतीय रुपया चालत होता. मुलं हसली. एक जण म्हणाला, "टीचर, उलटं बोलताय. दिनार इकडे येतो, रुपया तिकडे कुठला जातो?" त्याचे वडील आणि दोन मामू कुवेतला आहेत. दिनाराचा भाव आज किती, याची चौकशी त्याच्या घरात रोज सकाळी चहाबरोबर होते. त्याचं काही चुकलं नाही. आम्हीच त्याला हे कधी शिकवलं नाही.

आखातातल्या छोट्या राज्यांचा इंग्रजी कारभार १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता, त्यामुळे तिथलं चलन आपलं. स्वातंत्र्यानंतरही रुपया तिथे चालत राहिला. पण त्याच वाटेने चोरटं सोनं भारतात येऊ लागलं आणि आपली परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. हाजींसाठीसुद्धा निराळ्या नोटा निघाल्या होत्या, हे आज फार कमी जणांना ठाऊक आहे. १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र झालं आणि त्याने स्वतःचा दिनार आणला. एका दिनाराला तेव्हा तेरा रुपये आणि वर पाच आणे. बहरीन, कतार, दुबई यांनीही पुढच्या पाच-सहा वर्षांत रुपया सोडला.

त्याच्या आधीचा काळ तर आणखी मजेचा. तेल निघण्यापूर्वी कुवेतचं पोट मोत्यांवर आणि शिडाच्या जहाजांवर चालायचं. कुवेती जहाजं बसऱ्याकडचा खजूर भरून कराची, मुंबई, मलबारपर्यंत यायची आणि परतताना तांदूळ, मसाले, कापड न्यायची. ज्या सागवानाची ती जहाजं बांधायची तो मलबारचा. मोत्याला भाव मिळायचा तो मुंबईत. अरब व्यापारी महिनोन्महिने मुंबईत राहायचे, काहींनी घरं केली. मरीन ड्राइव्हवरच्या 'अल सबाह कोर्ट' या इमारतीवर कुवेतच्या राजघराण्याचं नाव आजही आहे. त्या काळी परदेशी ते होते आणि त्यांना भाड्याने जागा देणारे, त्यांची पत्रं पोहोचवणारे आपण होतो. १९३८ साली बुर्गानला तेल सापडलं, १९४६ साली ते परदेशी जाऊ लागलं आणि एका पिढीत वारं फिरलं.

आखाताचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोनच ठिकाणी जातं. एक, बंगले. "आखाती पैशाने कोकण बदललं," असं कौतुकाने किंवा कुत्सितपणे म्हटलं जातं. दुसरं, छळाच्या कहाण्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण मधे जी चाळीस-पन्नास वर्षं माणसं तिथे राहिली, एका खोलीत आठ आठ जण, ती राहिली कशी? मल्याळममध्ये यावर कथा-कादंबऱ्या आहेत. बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' तर जगभर वाचली गेली. मराठीत माझ्या वाचनात फार थोडं आलं. म्हणून जे मला घरातून ठाऊक आहे ते लिहिते.

माझे अब्बा १९७७ साली गेले. 'द्वारका' नावाची बोट होती, १९४७ सालची, ब्रिटिश इंडिया कंपनीची, मुंबईहून आखातातल्या बंदरांकडे जाणारी. तिचीच जोडीदार 'दारा' १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली. आमच्या नानीच्या तोंडी ते नाव शेवटपर्यंत होतं. 'द्वारका' मात्र १९८२ पर्यंत चालली. अब्बांचं तिकीट डेकचं. डेक म्हणजे स्वतःची वळकटी पसरायची आणि आभाळाखाली झोपायचं. अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेले सुके बोंबील बांधून दिले होते. अब्बा सांगायचे, पहिल्या दुपारी त्यांनी पुरचुंडी उघडली आणि शेजारचे चार अनोळखी लोक वासानेच ओळखीचे झाले. एक श्रीवर्धनचा, दोन मंडणगडकडचे, आणि एक केरळचा, ज्याला भाषा कळत नव्हती पण बोंबील कळत होता.

कोकणी माणसाला हे नवं नव्हतं. आमच्या गावांचे खलाशी मुंबईच्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या होते. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचं कुठे, तर डोंगरी-माझगावकडे गावाच्या जमातीची खोली असायची. भिंतीला ट्रंका लावलेल्या, महिन्याची थोडी वर्गणी, आणि गावचा माणूस आला तर त्याला 'किती दिवस राहणार' असं विचारायचं नाही हा नियम. कुवेतमधली खोली त्याच खोलीची पोर होती. फक्त खिडकीबाहेर समुद्राऐवजी वाळू.

अब्बांची खोली फरवानियात होती. आठ माणसं, पाच कोकणातली, एक भटकळचा, एक हैदराबादी आणि एक बिहारचा. स्वयंपाकाची बारी लागायची. बिहारच्या भाईची बारी आली की भात कच्चा राहायचा, म्हणून त्याला भांडी दिली आणि त्याचा स्वयंपाक भटकळकराने घेतला. नवा माणूस आला की त्याला पहिला महिना मेसचा खर्च नाही, कारण पहिला पगार हातात यायला दीड-दोन महिने लागायचे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ज्याला पहिल्या महिन्यात कुणीतरी फुकट जेवू घातलं होतं तो पुढच्याला घालायचा, एवढंच. दुखणं आलं तर कोण सुट्टी घेऊन दवाखान्यात नेणार, याचाही क्रम असायचा, कारण सुट्टीचा दिवस म्हणजे कापलेला पगार.

मग भिशी. दर महिन्याला प्रत्येकी दहा दिनार, आठ जणांचे ऐंशी, ते एकाला. चिठ्ठ्या टाकायच्या. पण ज्याच्या बहिणीचं लग्न आहे किंवा ज्याने एजंटला पैसे द्यायला कर्ज काढलंय त्याला चिठ्ठीशिवाय पहिली उचल. बँकेत आमच्या माणसांना कोण कर्ज देणार होतं? आमच्या घराचं वासे-कौलांचं छप्पर जाऊन स्लॅब पडला तो भिशीवरच.

आणि पत्रं. मला खरं सांगायचंय ते यांच्याबद्दल.

अब्बा दुसरी शिकलेले. सही करायचे, बसचा नंबर वाचायचे, पत्र लिहिता येत नव्हतं. खोलीतल्या आणखी तिघांचं तसंच. पाचवा कोकणी माणूस सातवी झालेला, उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिणारा. बाकीचे त्याला मुन्शी म्हणायचे. आम्ही मुलं न पाहताच मुन्शी चाचा म्हणायचो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी रात्री जेवणं झाली की तो ट्रंकेवर पाट ठेवून बसायचा आणि एकेक जण समोर येऊन सांगायचा. त्याच्या पत्रांची सुरुवात नेहमी उर्दू वळणाची, सलाम आणि खैरियत. मग मराठी: पत्रास कारण की, ड्राफ्ट पाठवला आहे, पोच कळवावी. आणि शेवटी, जिथे माणूस खरं बोलायचा तिथे, थेट कोकणी बोली, देवनागरीत, जशीच्या तशी. मी आज व्याकरण शिकवते. त्या पत्रांना मी किती मार्क दिले असते कोण जाणे. पण भाषा कुठे बदलायची हे त्या माणसाला कळत होतं.

इकडे अम्मीलाही लिहिता येत नव्हतं. आठव्या-नवव्या वर्षापासून तिची पत्रं मी लिहायची. म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं कुवेतमध्ये एका परक्या माणसाच्या हातून आणि कोकणात एका पोरीच्या हातून जायचं. काय बोलत असतील ती दोघं? 'आठवण येते' हे शब्द एकाही पत्रात नाहीत. त्याऐवजी असायचं, "पडवीतला दिवा दुरुस्त केलास का?" किंवा "आंब्याला मोहर किती?" पत्रं आणि पार्सलं बहुधा टपालाने यायची नाहीत, गावी सुटीवर येणाऱ्याच्या सामानातून यायची. एक माणूस यायचा आणि त्याच्या बॅगेत दहा घरांची पाकिटं, कॅसेटी, टायगर बाम, नीडोचा डबा. स्वतःच्या बायको-मुलांचं सामान कमी करून तो दुसऱ्यांचं वजन आणायचा. दुसऱ्या दिवशी तो दारोदार ते वाटत फिरायचा आणि प्रत्येक घरी तेच सांगायचा: तब्येत चांगली आहे, अंग धरलंय. कुणाचाही नवरा आखातात बारीक झाल्याचं त्याने कधी सांगितलं नाही.

कुणी तिथेच गेला, तर? बहुतेकांचं दफन तिथेच व्हायचं, सुलैबिखातच्या कब्रस्तानात. मय्यत भारतात आणायचा खर्च आणि कागद, दोन्ही आवाक्याबाहेर. घुसल द्यायला खोलीतलीच माणसं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. आमच्यात गायबाना जनाज्याची नमाज आहे, हनफींत नाही. त्यामुळे कुवेतमध्ये माती दिली की गावच्या मशिदीत समोर काही नसताना सफा लागायच्या. लहानपणी मला ते कळायचं नाही. आज वाटतं, त्या नमाजेने आमच्या गावांचं फार मोठं काम केलं. गेलेला माणूस गावात एकदा येऊन जायचा.

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. मी दहा वर्षांची होते. फोन बंद, टपाल बंद. आमच्या ओट्यावर सबंध मोहल्ला रेडिओला कान लावून बसायचा. बीबीसीची उर्दू बातमी संपली की आकाशवाणी, ती संपली की पुन्हा काही नाही. रेडिओ देशांची नावं सांगायचा. फरवानियाचं नाव कधी आलं नाही.

तिथे काय चाललं होतं ते नंतर कळलं. बँका बंद. इराकने कुवेती दिनार आधी आपल्या दिनाराच्या बरोबरीला आणला, मग बादच केला. आयुष्याची कमाई म्हणजे रंगीत कागद. जुलैचा पगार अनेकांना मिळालाच नव्हता. आमच्या खोलीची भिशीही अर्ध्यात फुटली: चौघांनी उचल घेतली होती, चौघांची बाकी होती. अब्बांनी मे महिन्यात घेतली होती, आमच्या स्लॅबसाठी. मुन्शी चाचाची पाळी यायची होती. म्हणजे हिशेबाने अब्बा चाळीस दिनार देणं लागत होते.

पुष्कळांचे पासपोर्ट कफीलच्या कपाटात कुलूपबंद आणि कफील देश सोडून गेलेला. अब्बांचा कफील गेला नव्हता. एका रात्री तो गाडीचे दिवे न लावता आला, दारातच पासपोर्टांचा गठ्ठा दिला, खजुराचा एक डबा दिला आणि म्हणाला, माफ करा. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

या प्रसंगावर 'एअरलिफ्ट' नावाचा सिनेमा २०१६ मध्ये आला. त्यात एक नायक सगळ्यांना सोडवतो. सिनेमाला नायक लागतो, मान्य आहे. मथुन्नी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी यांच्यासारख्या तिथल्या वजनदार भारतीयांनी खरोखर मोठं काम केलं. सालमियातल्या भारतीय शाळेत आसरा उघडला गेला, वस्तीवार याद्या झाल्या. पण त्या याद्या वरून खाली आल्या नव्हत्या, खोल्याखोल्यांतून वर गेल्या होत्या. आमच्या खोलीची यादी मुन्शी चाचाने केली. पत्रांचे पत्ते लिहिलेली त्याची वही होतीच. त्यात त्याने प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट नंबर, गाव, तालुका, बापाचं नाव उतरवलं, आणि मग त्या इमारतीतल्या सगळ्या खोल्यांचं. ज्यांच्याजवळ कागद नव्हते त्यांच्यासाठी ही नावं उपयोगी पडली, कारण दूतावासाला आधी माणूस भारतीय आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामना भेटले. त्या गळाभेटीचा फोटो खूप गाजला आणि कुवेती लोकांना तो पुढे बरीच वर्षं खुपला. पण वाट उघडली. दूतावास कुवेतहून बसऱ्याला हलला. माणसं बसने बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवत जॉर्डनची हद्द. हद्दीवरच्या तंबूंत हजारो माणसं अडकलेली. बांगलादेशी, श्रीलंकेचे, फिलिपिनो, इजिप्तचे, आपले. दिवसा जाळणारं ऊन, रात्री थंडी, पाण्याच्या टँकरभोवती झुंबड. अब्बा सांगायचे, आठ जणांनी एक नियम केला: पाण्याला दोघांनीच जायचं, सहांनी सामानाला आणि एकमेकांना धरून बसायचं. जॉर्डनच्या गावांतली माणसं पिकअप भरून खुबूस घेऊन यायची. एका बाईने अब्बांच्या हातात रोटी दिली आणि पाठीवर थाप मारली. बाईचा हात पाठीवर पडला म्हणून अब्बा इतके दचकले की रोटी खाली पडली. हा एकच प्रसंग ते हसून सांगायचे.

अम्मानहून एअर इंडियाची विमानं. ५९ दिवस, ४८८ उड्डाणं, एक लाखाहून जास्त माणसं. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. अब्बा सप्टेंबरमध्ये घरी आले. हातात एक रेक्झिनची पिशवी. त्यात दोन शर्ट आणि अम्मीच्या, म्हणजे माझ्या हातच्या, पत्रांचं पुडकं. टेपरेकॉर्डर, कपडे, पैसे तिकडे राहिले. अम्मी पुडक्याकडे पाहून म्हणाली, "हे कशाला ओझं आणलंस?" आणि आत जाऊन रडली.

युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ मध्ये भरपाई आयोग नेमला; इराकच्या तेलाच्या पैशातून ज्यांना कुवेत सोडावं लागलं त्यांना रक्कम मिळणार होती. त्यासाठी फॉर्म. इंग्रजी फॉर्म! गावोगाव माणसं फॉर्म घेऊन बसलेली आणि भरायला पाच-पाचशे रुपये मागणारे दलाल उगवलेले. तेव्हा एके सकाळी एस. टी. मधून एक काटकुळा माणूस उतरला, छत्री आणि वही घेऊन. मुन्शी चाचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्या गावच्या हायस्कूलच्या मास्तरांकडून त्याने एकेक रकाना समजून घेतला होता आणि आता खोलीतल्या माणसांच्या गावांना तो फिरत होता. आमच्या पडवीत तीन दिवस बसला. घेतलं काय, तर जेवण आणि एस. टी.चं भाडं.

मी त्याला नावं वाचून दाखवत होते, तारखा लिहून देत होते. माझं अक्षर पाहून तो थांबला. "तूच ती?" म्हणाला. मग हळूच, अम्मी चुलीपाशी आहे हे बघून, "बेटा, तुझी आई फार तिखट सांगायची. पैसे उशिरा आले की काय काय लिहायला लावायची! मी वाचताना थोडं पाणी घालायचो. दिवसभर उन्हात काम करून आलेला माणूस." मी गप्प राहिले. कारण अम्मी जे सांगायची त्यातलं निम्मं मीही लिहीत नव्हते. अब्बांच्या पत्रातही दोनदा मी तसंच केलं होतं. एकदा ताप, एकदा पडल्याचं. दोन्ही वेळा वाचताना ती ओळ मी गाळली होती. तेही त्याला सांगितलं नाही.

जेवताना अब्बांनी चाळीस दिनारांचा विषय काढला. चाचा म्हणाला, "भिशी कुवेतची. कुवेतमध्येच राहिली." आणि आमटी मागितली.

१९९३ मध्ये अब्बा पुन्हा गेले. दुसरं काय करणार होते? मुन्शी चाचा गेला नाही, पन्नाशी उलटली होती. भरपाईची रक्कम यायला तर पुढे अजून काही वर्षं लागली. खोली नवी, माणसं नवी. पहिलं पत्र आलं ते अगदी वेगळ्या अक्षरात, गोल आणि सरळ रेषेत, वर 'सप्रेम नमस्कार'. लिहिणारा सोलापूरकडचा एक तरुण इलेक्ट्रिशियन होता, हे पत्रातच होतं. पुढे होतं, की पहिल्या पगाराचा ड्राफ्ट अब्बांनी मुन्शी चाचाच्या नावे पाठवला आहे, पूर्ण चाळीस दिनारांचा, तेव्हा या महिन्यात घरी काही येणार नाही, सांभाळून घ्यावं. सगळ्यात शेवटी, दुसऱ्या शाईने, एक ओळ: काकूंनी रागावू नये, काकांची तब्येत चांगली आहे.

मी वाचत होते तशी अम्मीकडे बघत होते. महिनाभराचं राशन, माझी आणि भावाची फी. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "लिहिणारा पोरगा मासळी खातो का?" पत्रात ते नव्हतं, मी म्हटलं. "विचार," ती म्हणाली. "आणि सुलेमानवाडीचा तो परवा निघतोय ना, त्याच्याकडे सोड्यांची दोन पाकिटं दे. एक अब्बांचं. एकावर त्या पोराचं नाव घाल."